‘हन्ली’ पाणबुडीचे १:३५ किट : बांधून झाल्यावरचा अभिप्राय

नौकांच्या प्रतिकृती बांधण्याचा छंद असलेल्या मंडळींमध्ये पाणबुडीला तसा मान कमीच. शिडाच्या जहाजावर दोरखंडांचे जाळे विणता येते, युद्धनौकेवर तोफा मांडता येतात; पाणबुडी मात्र बांधून कपाटात ठेवली की राखाडी रंगाचा दोडका ठेवल्यासारखी दिसते आणि घरी आलेला पाहुणा तिच्याकडे दुसऱ्यांदा बघत नाही. म्हणूनच, वरचा अर्धा भाग उचलला की आतली सगळी रचना दिसावी अशा बेताने केलेले अमेरिकन यादवी युद्धातील ‘हन्ली’ या पाणबुडीचे किट मिळते आहे असे कळल्यावर मी ते लगेच मागवले. रोज संध्याकाळी दीड-दोन तास याप्रमाणे सात आठवडे त्यावर काम केल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली असल्यामुळे मापाच्या बाबतीत मी जरा किरकिरा आहे, हे वाचकांनी आधीच गृहीत धरावे.

शत्रूची युद्धनौका बुडवणारी जगातली पहिली पाणबुडी म्हणजे ‘हन्ली’. त्याआधी प्रयत्न झाले नव्हते असे नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ मध्ये, एकट्या माणसाने चालवायच्या ‘टर्टल’ नावाच्या लाकडी पाणबुडीतून न्यूयॉर्कच्या बंदरात ब्रिटिश जहाजाच्या तळाला सुरुंग लावण्याचा प्रयत्न झाला होता, पण तो फसला. ‘हन्ली’ला यश आले ते १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री, दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन बंदराबाहेर. गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांची उत्तरेच्या आरमाराने नाकेबंदी केली होती. कापूस बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि युद्धसामग्री आत येऊ द्यायची नाही, हा तिचा हेतू. याच नाकेबंदीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईहून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला, बॅकबेचा समुद्र भरून काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो सगळा डोलारा कोसळला. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला त्या प्रेमचंद रायचंदांची भरभराट आणि पडझडही त्याच काळातली. किटच्या पुस्तिकेत हे असण्याचे कारण नाही. परंतु ‘हन्ली’ने ज्या नाकेबंदीतले एक जहाज बुडवले तिचा हिशेब आपल्या शहराच्या वहीतही मांडला गेला होता, हे बांधताना सारखे मनात येत राहिले.

आता खोक्याकडे वळू. खोके भक्कम आहे. आत रेझिनमध्ये ओतलेले पाणबुडीच्या कायेचे दोन भाग, पितळी पत्र्यातून कोरलेल्या बारीक भागांच्या दोन पट्ट्या, थ्रीडी प्रिंट केलेली नऊ माणसे, दांड्यासाठी पितळी नळी, खिडक्यांसाठी पारदर्शक चकत्या आणि बत्तीस पानांची पुस्तिका, असा ऐवज आहे. माझ्या खोक्यातील पारदर्शक चकत्यांपैकी चार तडकलेल्या निघाल्या आणि मागच्या सुकाणूचे एक टोक तुटलेले होते. विक्रेत्याला फोटो पाठवले, तेव्हा पहिल्या उत्तरात त्याने तुटलेला भाग परत पाठवण्यास सांगितले, दुसऱ्या उत्तरात तसे करण्याची गरज नसल्याचे सांगितले, आणि बदली भाग सहाव्या आठवड्यात, म्हणजे मी चकत्या स्वतः कापून बसवल्यानंतर, पोचले. परदेशातून मागवणाऱ्यांनी सीमाशुल्क धरून हिशेब करावा. मला मूळ किमतीच्या जवळजवळ दीडपट रक्कम पडली. आमच्या घरी या आकड्याची चर्चा झाली. “अहो, एवढ्या पैशांत दिवाणखान्याचे पडदे झाले असते,” या विधानाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

मूळ पाणबुडीची लांबी साधारण १२ मीटर, म्हणजे ४० फुटांना थोडी कमी. १:३५ प्रमाणात ती ३४.४ सेंटीमीटर व्हायला हवी. माझ्या मोजणीत ३४.३ भरली. उंची आणि रुंदीही बरोबर आहे. ओतकाम स्वच्छ आहे, दोन भागांचा जोड बसवताना पॉलिश पेपर फार घासावा लागला नाही. तरीही बाहेरच्या कायेत एक ठळक चूक आहे. पत्र्यांच्या जोडांवर रिव्हेटची डोकी वर आलेली दाखवली आहेत, जणू हा एखाद्या जुन्या आगबोटीचा बॉयलर आहे. या चुकीचे मूळ जुने आहे. ‘हन्ली’ ज्यांच्या देखरेखीखाली अलाबामातील मोबील येथे १८६३ मध्ये बांधली गेली त्यांपैकी विल्यम अलेक्झांडर या अभियंत्याने १९०२ मध्ये, म्हणजे जवळजवळ चार दशकांनंतर, आठवणीवरून तिचे वर्णन आणि आराखडे प्रसिद्ध केले, आणि त्यात ती बॉयलरपासून बनवल्याचे सांगितले. पुढची शंभर वर्षे सगळ्या चित्रांत आणि प्रतिकृतींत ती बॉयलरसारखीच येत राहिली. ८ ऑगस्ट २००० रोजी ती समुद्रतळावरून वर काढली गेली तेव्हा दिसले की ती मुद्दाम पाणबुडी म्हणूनच घडवलेली होती: दोन्ही टोके निमुळती, पाणी कापत जाईल अशी, आणि रिव्हेटची डोकी पत्र्याच्या पातळीत बसवलेली, म्हणजे पाण्याला अडथळा कमीत कमी. हाताने चालणाऱ्या यंत्राला असा अडथळा किती महागात पडतो, हे बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. किट करणाऱ्याने आकार नव्या माहितीप्रमाणे घेतला आणि रिव्हेट मात्र जुन्या चित्रातले ठेवले. मी ती सगळी घासून काढली. तीन संध्याकाळी गेल्या.

या किटचे खरे मोल आतल्या रचनेत आहे, आणि तिथे करणाऱ्याने कसर ठेवलेली नाही. पुढे आणि मागे एकेक बॅलास्ट टाकी आहे. समुद्राच्या बाजूची झडप उघडली की टाकीत पाणी शिरते आणि पाणबुडी बुडते. हातपंपाने पाणी बाहेर काढले की ती वर येते. तळाशी लोखंडी वजने बोल्टने अडकवलेली असून आणीबाणीच्या वेळी बोल्ट आतून फिरवून ती सोडून देता येत. कागदावर ही व्यवस्था निर्दोष वाटते. परंतु टाकीची आतली भिंत चिकटवताना पुस्तिकेतील एका सूचनेपाशी माझा हात थांबला: भिंत छतापर्यंत न्यायची नाही, वर मोकळी जागा सोडायची. टाक्या वरून उघड्या होत्या. झडप वेळेत बंद झाली नाही, तर टाकी भरून पाणी भिंतीवरून थेट माणसांच्या अंगावर यायचे.

तसेच घडले. १५ ऑक्टोबर १८६३ रोजी चार्ल्सटनच्या बंदरात नांगरलेल्या ‘इंडियन चीफ’ या जहाजाखालून जाण्याचा सराव करताना पाणबुडीने बुडी मारली आणि ती वर आलीच नाही. ज्याच्यावरून तिचे नाव पडले तो होरेस हन्ली स्वतः त्या दिवशी आत होता. तो आणि त्याचे सात सहकारी बुडाले. पाणबुडी वर काढल्यावर अलेक्झांडरच्या सांगण्याप्रमाणे पुढच्या टाकीची झडप उघडीच सापडली आणि ती फिरवण्याची किल्ली तळाशी पडलेली होती. तळाच्या वजनांचे बोल्ट थोडे फिरवलेले होते, पण वजने सुटतील इतके नाही. हन्लीचा एक हात झाकण वर ढकलण्याच्या बेतात डोक्यावर होता आणि दुसऱ्या हातात मेणबत्ती होती, न पेटवलेली. किटमध्ये ही झडप दीड मिलिमीटरची पितळी टिकली आहे आणि किल्लीसाठी वेगळा भाग दिलेला नाही. मी तारेची किल्ली करून झडपेवर घट्ट बसवली. हा माझा आगाऊपणा आहे. पाहणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

त्याआधीही एक अपघात झाला होता. २९ ऑगस्ट १८६३ रोजी, चार्ल्सटनला आगगाडीने आणून तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, धक्क्यापाशी झाकणे उघडी असतानाच पाणबुडी बुडाली आणि पाच जण गेले. प्रमुख अधिकाऱ्याचा पाय चुकून बुडी मारण्याच्या पंखांच्या तरफेवर पडला, असे सांगितले जाते. तरफ किटमध्ये नेमकी जागेवर आहे, पुढच्या झाकणाखाली उभ्या माणसाच्या पायाशी. माणूस बसवून पाहिल्यावर अपघात कसा झाला असेल हे वेगळे सांगावे लागत नाही. तो माणूस दुसरीकडे कुठे पाय ठेवणार होता, असाच प्रश्न पडतो.

दोन झाकणे, एक पुढे आणि एक मागे. सापडलेल्या पाणबुडीत त्यांचे तोंड साधारण ४२ बाय ५३ सेंटीमीटर भरले, म्हणजे या प्रमाणात १२ बाय १५ मिलिमीटर. किटमधील नायकाच्या पुतळ्याचे खांदे मी व्हर्नियरने मोजले, तेरा मिलिमीटर निघाले. पुतळा आडवा धरला तर तोंडात अडकतो. थोडा तिरका वळवून, एक खांदा आधी घालून, मगच तो खाली उतरतो. रेझिनचा पुतळा मुकाट्याने वळतो. अंधारात, पाणी भरत असताना, सातजण एकामागे एक रांगेत बसलेले असताना हे कसे जमायचे? आतली उंची चार फुटांच्या आसपास. जवानांपैकी फ्रँक कॉलिन्स तर सहा फुटांहून उंच होता. किटमधील सगळी माणसे एकाच उंचीची आहेत, हा एक दोष. निदान एक पुतळा लांब आणि अधिक वाकलेला द्यायला हवा होता.

क्रँकशाफ्टची जोडणी हा या किटमधला सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधान देणारा भाग. शाफ्ट उजव्या भिंतीच्या बाजूने जातो, माणसे डाव्या बाजूच्या अरुंद बाकावर बसतात, आणि सात जणांच्या सात मुठी वेगवेगळ्या कोनांत वळवलेल्या आहेत, जेणेकरून सगळ्यांचा जोर एकाच क्षणी वर आणि एकाच क्षणी खाली येऊ नये. पितळी तारेचा शाफ्ट पुस्तिकेतील साच्यावर ठेवून वाकवायचा असतो. पहिला माझ्याकडून मुडपला. सुदैवाने जादा तार दिलेली आहे. मागे दातचाके आणि जड गतिचक्र बसते, त्यापुढे पंखा. सात माणसांनी अंगातले बळ लावून फिरवल्यावर ही पाणबुडी चार नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेसात किलोमीटर, वेग गाठू शके, तोही पाणी शांत असेल तर. भरती-ओहोटीचा प्रवाह उलटा असला की वेगाची बातच नको. शाफ्ट बसला आणि बोटाने पंखा फिरवल्यावर साती मुठी लाटेसारख्या हलल्या, तेव्हा त्या संध्याकाळी मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ते दाखवले. सगळ्यांनी ते शांतपणे सहन केले.

पंपाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या ठिकाणी किट आणि इतिहास एकमेकांना अगदी चिकटून येतात. नवा नायक लेफ्टनंट जॉर्ज डिक्सन आणि अलेक्झांडर यांनी तिसरा चमू तयार केल्यावर पाण्याखाली किती वेळ राहता येते याची परीक्षा घेतली. तळाशी जाऊन बसायचे, आणि ज्याला हवा असह्य होईल त्याने ‘वर’ असा शब्द उच्चारायचा, की लगेच वर यायचे, असे ठरले. मेणबत्ती पंचवीस मिनिटांत विझली. त्यानंतर अंधारात कोणी बोलेना. अधूनमधून ‘कसे आहात?’ एवढेच. शेवटी सगळ्यांच्या तोंडून तो शब्द जवळजवळ एकाच क्षणी निघाला. डिक्सनने पुढचा पंप चालवला, अलेक्झांडरने मागचा. पुढचा भाग उचलला गेला, मागचा पंप मात्र पाणी ओढेना. अलेक्झांडरने अंधारातच चाचपडत पंपाचे टोपण उघडले, झडप बाहेर काढली आणि तिच्यात अडकलेले समुद्री शेवाळ हाताने ओरबाडून काढले. पाण्याखाली गेल्यापासून वर येईपर्यंत २ तास ३५ मिनिटे झाली होती. मागच्या पंपाचे टोपण किटमध्ये वेगळा भाग म्हणून दिले आहे, धान्याच्या दाण्याएवढे. चिमट्यातून ते दोनदा उडाले. दुसऱ्या वेळी गॅलरीत झाडू मारून शोधावे लागले. उजेडात, चष्मा लावून, टेबलावर बसून मला ते सापडत नव्हते.

पुतळे नऊ का, याचा उलगडा मला पुस्तिकेतून झाला नाही. तो जुन्या समजुतीत आहे. आत आठ जण मुठी फिरवत आणि एक जण सुकाणू धरत असे, असे मानले जात होते. २००१ मध्ये आतला गाळ काढल्यावर आठ जणांचे अवशेष सापडले: सात जण मुठींशी, एक पुढे. किटमध्ये मुठी सातच आहेत, म्हणजे शाफ्ट नव्या माहितीवरून घडवला आणि पुतळ्यांची संख्या जुन्या पुस्तकातून उचलली. नववा पुतळा बसवायला जागाच नाही. मी त्याला अलेक्झांडर ठरवून टाकले. हल्ल्याच्या काही दिवस आधी त्याला दुसऱ्या कामासाठी मोबीलला परत बोलावण्यात आले होते, म्हणून तो वाचला आणि म्हणूनच, चुकांसकट का होईना, त्याची साक्ष आपल्यापर्यंत पोचली. तो पुतळा माझ्या टेबलाच्या खणात फिल्मच्या रिकाम्या डबीत आहे.

दांड्याविषयी मात्र मला या किटच्या करणाऱ्याशी स्पष्टपणे भांडायचे आहे. त्या काळी टॉर्पेडो या शब्दाचा अर्थ स्वतःहून धावणारे अस्त्र असा नव्हता, सुरुंग असा होता. सुरुवातीला ‘हन्ली’ने हा सुरुंग दोराने मागे ओढत न्यावा आणि शत्रूच्या जहाजाखालून बुडी मारून पलीकडे निघून जावे, अशी कल्पना होती; दोर आपल्याच पंख्यात गुंतण्याची भीती लक्षात आल्यावर ती सोडून देण्यात आली. ऑक्टोबरच्या अपघातानंतर चार्ल्सटनच्या संरक्षणाचा प्रमुख जनरल ब्यूरेगार्ड याने तर या पाणबुडीचे नावच टाकले होते. शत्रूपेक्षा ती चालवणाऱ्यांनाच तिचा धोका अधिक आहे, असे त्याचे मत होते. अखेर नाकाशी लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ६१ किलो काळी दारू भरलेला सुरुंग, अशी योजना ठरली. किटमध्ये हा दांडा १९ सेंटीमीटर लांब असून नाकाच्या वरच्या अंगाला बसवायचा आहे, आणि पुस्तिका सांगते की सुरुंग जहाजाच्या लाकडात काट्याने रुतवून पाणबुडी मागे हटली आणि मग दोरी ओढून स्फोट केला. १९ सेंटीमीटर म्हणजे जुन्या लिखाणातले २२ फूट. प्रत्यक्ष सापडलेला दांडा साधारण १६ फुटांचा आहे, म्हणजे या प्रमाणात १४ सेंटीमीटर, आणि तो नाकाच्या खालच्या टोकाशी जोडलेला आहे. शिवाय २०१३ मध्ये त्याच्या टोकावरचे साचलेले कवच काढताना तांब्याच्या नळकांड्याचा तुकडा हाती लागला, फुटलेल्या फटाक्याच्या पुंगळीसारखा मागे उलगडलेला. सुरुंग दांड्यावरच होता. मागे हटणे वगैरे काही झाले नाही.

या दोन मापांमधला फरक प्रतिकृतीवर पाच सेंटीमीटरचा आहे, पण कथा त्याने पार बदलते. पुस्तिकेतल्या कथेत आठ माणसे वार करून सुरक्षित अंतरावर जातात. पितळी नळी कापून १४ सेंटीमीटर केली आणि खाली बसवली की ६१ किलो दारू आणि पाणबुडीचे नाक यांत जेमतेम पाच मीटर उरतात. ड्यूक विद्यापीठातील संशोधक रेचल लान्स यांनी २०१७ मध्ये असा निष्कर्ष मांडला की स्फोटाच्या धक्क्याच्या लाटेनेच आतली माणसे जागच्या जागी मरण पावली असावीत. पाणबुडीवर काम करणाऱ्या सगळ्यांना तो मान्य नाही. मात्र अवशेष आपापल्या जागी सापडले, झाकणाकडे धाव घेतल्याची खूण नव्हती, तळाची वजने सोडलेली नव्हती, ही निरीक्षणे कोणीही बाजूला सारू शकत नाही. पुढच्या आवृत्तीत तरी करणाऱ्याने दांडा दुरुस्त करावा.

त्या रात्रीचे वर्णन पुस्तिकेत बरे आहे. पावणेनऊच्या सुमारास ‘हाउसाटोनिक’ या १,२४० टनांच्या युद्धनौकेवरील पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला पाण्यावर फळीसारखे काहीतरी सरकताना दिसले. इतक्या जवळ आलेल्या वस्तूवर रोखता येतील अशा खाली तोफा झुकेनात. कप्तानाने दुनळी बंदूक झाडली, बाकीच्यांनी मिळेल त्या बंदुका. स्फोटानंतर सुमारे पाच मिनिटांत जहाज तळाशी टेकले. पाणी उथळ असल्यामुळे डोलकाठ्यांचे दोर पाण्याबाहेर राहिले आणि त्यांवर चढून बहुतेक खलाशी वाचले. पाच जण गेले. ‘हन्ली’ही त्या रात्री परतली नाही; तिने तीन वेळा मिळून स्वतःची एकवीस माणसे घेतली.

दोरांवर चढलेल्यांपैकी रॉबर्ट फ्लेमिंग या कृष्णवर्णीय खलाशाने चौकशीत साक्ष दिली की मदतीला येणाऱ्या जहाजाच्या पुढे त्याला पाण्यावर निळा प्रकाश दिसला. साक्ष पुस्तिकेत आहे, साक्ष देणाऱ्याचे नाव नाही. एका पळून आलेल्या किंवा पळण्याची वेळ न आलेल्या काळ्या माणसाने उत्तरेच्या आरमारात नोकरी करणे म्हणजे काय, हे त्या युद्धाचे मर्म आहे. एक ओळ खर्ची घालायला हरकत नव्हती. निळ्या काचेचा कंदील मात्र किटमध्ये हौसेने दिला आहे. त्या काळच्या आरमारी भाषेत ‘ब्लू लाइट’ म्हणजे इशाऱ्यासाठी जाळायची झगझगीत दारूची कांडी, निळ्या काचेचा दिवा नव्हे. कंदील मी बसवला नाही.

डिक्सनविषयी एक गोष्ट सांगतो. ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या लढाईत त्याच्या खिशातल्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यावर गोळी आदळली आणि पाय वाचला, अशी आख्यायिका होती. २००१ मध्ये त्याच्या अवशेषांशी ते नाणे खरोखर सापडले, वाकलेले, आणि एका बाजूला लढाईचे नाव, तारीख, ‘माझा प्राणरक्षक’ असे शब्द आणि त्याची आद्याक्षरे कोरलेली. १:३५ प्रमाणात ते नाणे एक मिलिमीटर होते. मी पितळेचा एक कीस चपटा करून, किंचित वाकवून, डिक्सनच्या पुतळ्याच्या खिशापाशी चिकटवला आणि वरून रंग दिला. दिसत नाही. जोसेफ रिजवेच्या गळ्यात सापडलेला तांब्याचा बिल्ला मात्र जमला नाही. तो उत्तरेच्या फौजेतील, लढाईत पडलेल्या एझरा चेंबरलिन या शिपायाचा होता, आणि या खलाशाच्या गळ्यात तो कसा आला याचे पुस्तिकेने दिलेले एकही स्पष्टीकरण मला पटले नाही. त्या आठ जणांना १७ एप्रिल २००४ रोजी चार्ल्सटनच्या मॅग्नोलिया दफनभूमीत पुरण्यात आले. पाणबुडी नॉर्थ चार्ल्सटनमधील संवर्धन केंद्रात रसायनाच्या टाकीत आहे, कारण १३६ वर्षे खारे पाणी प्यालेले लोखंड नुसते हवेत ठेवले तर तुकडे पडतात.

रंगकामाबाबत पुस्तिका गप्प आहे, ते बरेच झाले. मी काळसर राखाडी प्रायमरवर हलका गंज दिला. जेमतेम सात महिने पाण्यात असलेल्या नौकेवर फार गंज चढवणे बरोबर नव्हे. आतून पांढरट रंग दिला, म्हणजे पुतळे उठून दिसतात. सुपरग्लू टाकीच्या भिंतींना वापरू नये; धूर धरतो आणि पारदर्शक चकत्या पांढुरक्या पडतात. दोन भागांचा एपॉक्सी उत्तम.

पहिलेच किट बांधणाऱ्याने हे घेऊ नये. पितळी पत्र्याचे काम आधी दोन-तीनदा केलेले असावे. ज्याला बांधण्याची सवय आहे आणि पुस्तिकेवर डोळे मिटून विश्वास न ठेवण्याची तयारी आहे, त्याने रिव्हेट घासायला तीन दिवस आणि दांडा कापायला दहा मिनिटे धरून जरूर मागवावे. पाचपैकी साडेतीन, दांडा सुधारला तर चार. वरचा भाग चिकटवायचा नाही, दोन छोट्या लोहचुंबकांवर ठेवायचा. माझ्याकडे येणारे आता तो उचलतात, थोडा वेळ आत बघतात आणि बोटाने माणसे मोजू लागतात.